एकदाच सांगितलेला आकडा

सशाला कान धरून उचलायचं नसतं, हे मला भिवामामांनी शिकवलं. कामावरचा माझा पहिलाच दिवस होता. मी एका सशाचे दोन्ही कान पकडले आणि त्याला पिंजऱ्यातून वर ओढलं. मामा पलीकडे गवत झाडत होते. ते ओरडले नाहीत, धावलेही नाहीत. हळू चालत आले, सशाच्या मागच्या बाजूला खालून आपला रुंद पंजा लावला आणि म्हणाले, "खालनं हात दे, बाय. पाय लय जोराचा त्याचा, नि कंबर कच्ची. हवेत लाथ मारली तर सोताचीच कंबर मोडून घेतो."

मग त्यांनी ससा माझ्या कुशीत दिला. त्याचं काळीज माझ्या मनगटावर धडधडत होतं. माझंही धडधडत होतं. मामा म्हणाले, "दोघं बी भ्यायलात. आता कोन आधी थांबतो ते बगू."

ठाण्याला खोपटच्या अलीकडे तेव्हा औषधांची एक प्रयोगशाळा होती. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. आजारी माणसाच्या शिरेतून मिठाचं पाणी देतात, ज्याला सलाईन म्हणतात, त्याच्या बाटल्या तिथे भरत आणि तपासत. वरच्या मजल्यावर डॉक्टर लोकांचं संशोधन चाले. खाली, मागच्या बाजूला जनावरांची लांबट खोली होती. तिच्यात ससे, गिनिपिग आणि पांढरे उंदीर. माझे वडील तिथे शिपाई होते. ते गेल्यावर मोठ्या डॉक्टरांनी आईला विचारलं, मुलगी लिहिते का. मी चौथी पास होते आणि माझं अक्षर बरं होतं. तेवढ्यावर मला घेतलं. मी परक्या माणसाशी बोलत नसे. जनावरांच्या खोलीत बोलावं लागत नाही, म्हणून आईला ते काम माझ्या जोगतं वाटलं.

भिवामामा खाडीकाठचे आगरी. ठेंगणे, काळे, पायांच्या पंजांची बोटं फाकलेली. लहानपणी मिठागरात अनवाणी राबल्यामुळे त्यांच्या तळव्यांना भेगा होत्या, त्या कधी बुजल्याच नाहीत. ते म्हणत, "आमचा बापूस मीठ पिकवायचा, नि मी मिठाचं पानी तपासतो. म्हनजे धंदा काय बदलला नाय." प्रयोगशाळा उघडली तेव्हा ते गवत टाकायला म्हणून आले होते. पुढे एका पारशी डॉक्टरांनी त्यांना थर्मामीटर वाचायला शिकवलं. आकडे त्यांना वाचता येत, पण लिहिता येत नसत. सहीच्या जागी अंगठा लावत.

सलाईन कसं तपासत ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाटलीतलं पाणी दिसायला कितीही स्वच्छ असलं तरी त्यात डोळ्यांना न दिसणारा दोष राहून जातो. तसं पाणी शिरेत गेलं की माणूस थडथडा उडतो, त्याला हुडहुडी भरते, ताप चढतो. आधीच अशक्त असेल तर दगावतो. हा दोष सशाला कळतो. म्हणून दर खेपेच्या बाटल्यांतली एक फोडून तिचं पाणी तीन सशांच्या कानाच्या शिरेत घालायचं आणि तीन तास त्यांचा ताप बघत बसायचं. सशांना एकेका लाकडी पेटीत बसवत, मान तेवढी बाहेर. सुई वरच्या मजल्यावरचे साठेसाहेब द्यायचे आणि परत वर निघून जायचे. मग खोलीत मी आणि मामा. मामा थर्मामीटर लावून आकडा सांगत, मी वहीत लिहीत असे.

ते प्रत्येक आकडा दोनदा सांगत. "एकशे दोन, चार. एकशे दोन, चार." पहिल्यांदा स्वतःशी बोलल्यासारखं आणि दुसऱ्यांदा मला. मी लिहिलं की थर्मामीटर माझ्यासमोर धरत. मी मान हलवली की मगच झटकत. मी एकदा म्हटलं, "मामा, तुम्ही सांगितलंत ना, मग मला कशाला दाखवता?" तर म्हणाले, "मना लिवता येत नाय, तुना ससा धरता येत नाय. दोघांचा मिळून एक मानूस होतो हितं."

चाचणी सोमवारी असे. त्याची तयारी मामांच्या घरी रविवारपासून चाले. घाबरलेल्या सशाचा ताप उगीचच वाढतो, म्हणून त्यांना नवा वास येता कामा नये, असं मामांचं म्हणणं. मला गजरा घालू देत नसत. नवं लुगडं नेसून आले तर परत पाठवत. स्वतः रविवारी मासळीला शिवत नसत. मी एकदा आईबरोबर त्यांच्या घरी गेले तर मामी चुलीपुढून म्हणाल्या, "आगरी मानूस ऐतवारचा म्हावरा खाय नाय, असा कवा ऐकलाव? सशांना वास येतो बोलतो. म्हावऱ्याचा वास सशांना, नि सशांचा वास मना."

मामा ओसरीवर बसून हसत होते. त्यांच्या अंगाला खरंच जनावरांचा वास येई. रस्त्याने निघाले की चार कुत्री नाक वर करून मागे लागत.

साठेसाहेब चिडवत, "मामा, लग्नातसुद्धा एवढं सोवळं पाळलं नसेल तुम्ही."

"लग्नान बायकोचा ताप बगायचा नव्हता, साठेसाहेब," मामा म्हणत.

सशांना नावं द्यायला त्यांनी मला बंदी केली होती. कानाच्या आतल्या बाजूला शाईने टोचलेला नंबर असे, तेवढाच घ्यायचा. मी पहिल्या महिन्यात एका पिल्लाला 'कापशी' म्हणायला लागले तर ते नाराज झाले. म्हणाले, "नाव दिला की हाक मारशील. हाक मारलीस की ते वलून बगल. मंग?" आमच्याकडे एक नियम होता. चाचणीत ज्या सशाला ताप चढला तो पुन्हा चाचणीला घ्यायचा नाही. त्याला वर न्यायचं, रक्त काढायच्या कामाला. वर गेलेला ससा खाली परत आलेला मी कधी पाहिला नाही.

चौदा नंबरची मादी मामांच्या हाताखाली सर्वांत जुनी होती. राखी रंगाची, एका डोळ्याजवळ केस उडालेले. मामांनी तिला कधी नाव दिलं नाही. पण इतर ससे पेटीत ठेवावे लागत. चौदाला मामा मांडीवर घेत आणि ती तीन तास तशीच बसे. लसूणघास टाकताना तिच्या पिंजऱ्यात कोवळा शेंडा पडे. मला ते दिसे. मामांना वाटे की मला दिसत नाही.

लग्नसराईचे दिवस होते. त्या सोमवारी चाचणीला चौदा आणि आणखी दोन ससे होते. साठेसाहेब सुया देऊन वर गेले. पहिला तास नीट गेला. दुसऱ्या तासाला रस्त्यावरून कुणाचा तरी नवरदेव निघाला. बँड आमच्या भिंतीला लागूनच वाजत होता, फाटकासमोर फटाक्यांची माळ लागली. पिंजऱ्यांतले सगळे ससे मागचे पाय आपटू लागले. मामा खिडक्या लावून आले. बँड पुढे गेला. मग त्यांनी ताप घ्यायला सुरुवात केली. पहिल्या दोघांचा थोडाच वाढला होता, चालण्यासारखा. मी लिहिला. मग त्यांनी चौदाला थर्मामीटर लावला.

बराच वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले. खिडकीकडे वळून बघितलं, पुन्हा तिरका धरून बघितलं. मी टाक धरून बसले होते.

"एकशे दोन, सहा," ते म्हणाले.

एकदाच म्हणाले. मी दुसऱ्यांदा ऐकायला थांबले होते, पण त्यांनी मनगटाला झटका देऊन पारा खाली उतरवला होता. मला थर्मामीटर दाखवला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. चौदाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

मी एकशे दोन, सहा लिहिलं. शेवटच्या तासालाही तसंच झालं. साठेसाहेब वही घेऊन गेले आणि ती खेप पास झाली.

खरा आकडा किती होता ते मला आजही माहीत नाही. पण चालण्याजोग्या तापाची जी रेषा ठरलेली होती तिच्या वर होता, हे मला त्या क्षणी कळलं होतं. एकाचा जरी ताप रेषेच्या वर गेला तर वर कळवायचं आणि आणखी पाच ससे घेऊन चाचणी पुन्हा करायची, असं काम होतं. मामांनी कळवलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. फक्त चौदा वर गेली असती.

दुसऱ्या दिवशी गाजरं चिरताना, मी काही विचारलेलं नसताना, मामा म्हणाले, "बँडाला भ्यायली ती. ताप नाय तो. बाकीची दोघं बरी होती ना? पान्यात खोट असती तर त्यांना बी चढला असता."

"हो, मामा," मी म्हटलं.

बाटल्या तेव्हा अजून आमच्याच गुदामात होत्या. गुरुवारी पेट्या ठोकल्या, शनिवारी गाडी आली. त्या पाच दिवसांत मी रोज मोठ्या डॉक्टरांच्या खोलीसमोरून पाण्याची कळशी घेऊन जात होते. दार उघडंच असे. आत जाऊन चार शब्द बोलायचे होते. पण मी त्या खोलीत कधी बोललेच नव्हते, आणि मामांविरुद्ध बोलायचं म्हणजे कुणाविरुद्ध, ज्यांनी मला उभं केलं त्यांच्याविरुद्ध. शनिवारी हमाल पेट्या चढवत होते तेव्हा मामा दारात उभे राहून बघत होते. गाडी वळेपर्यंत हलले नाहीत.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, पुन्हा सोमवारी, पुन्हा एक लग्न गेलं. या वेळचा बँड जास्त मोठा होता. एक फटाका तर आमच्या पत्र्यावर येऊन फुटला. चौदा मामांच्या मांडीवर होती. तिने कान मागे घेतले, अंग चोरलं, पण बसून राहिली. मामांनी थर्मामीटर लावला.

"एकशे दोन, दोन," ते म्हणाले. मग पुन्हा, "एकशे दोन, दोन." थर्मामीटर माझ्यापुढे धरला आणि मी मान हलवल्यावरही झटकला नाही.

पुढच्या तासाला परत तेच. ती बँडाला घाबरली होती, चांगली घाबरली होती, आणि तिचा ताप वाढला नव्हता. म्हणजे मागच्या वेळेला तो बँडाचा नव्हता.

मामांनी चाचणी पुरी केली. तिन्ही ससे पिंजऱ्यात ठेवले, हात धुतले, सदऱ्याची बटणं लावली. म्हणाले, "बाय, वही घे नि चल वर."

मोठे डॉक्टर काहीतरी लिहीत होते. मामा टेबलापासून लांबच उभे राहिले. मी दारात.

"मागची खेप, लग्नाच्या दिवसाची," मामा म्हणाले. "चौदा नंबरला ताप होता. मी कमी सांगितला."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "का?"

"ती वर आली असती."

डॉक्टरांना कळायला वेळ लागला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "भिवा, त्या बाटल्या माणसांना लावतात."

"हो, साहेब."

"आणि वहीत जे लिहिलंय ते?"

"लिवनारीनं ऐकला तो लिवला. तिचा काय नाय त्याच्यान."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं का?"

मामा खाली बघत होते. मला माहीत होतं. मी दुसऱ्यांदा ऐकायची वाट बघितली होती, पारा झटकताना बघितला होता, गाडी जाताना बघितली होती.

"नाही," मी म्हटलं.

त्या खोलीत मी बोललेला तो पहिला शब्द.

डॉक्टरांनी त्या दिवशीच सगळीकडे तारा केल्या, बाटल्या वापरू नका, परत पाठवा. आमच्याकडे त्या खेपेतल्या काही बाटल्या ठेवलेल्या होत्या. त्यांतली एक फोडून नव्या तीन सशांवर चाचणी झाली. डॉक्टर स्वतः उभे होते. तरी त्यांनी ससे धरायला मामांनाच लावलं, कारण दुसऱ्या कुणाच्या हातात ते शांत बसत नसत. दुसऱ्या तासाला तिघांचाही ताप चढला. मामांनी तिन्ही आकडे दोन-दोनदा सांगितले. मी लिहिले. डॉक्टर म्हणाले, "त्या जनावरानं बरोबर सांगितलं होतं, भिवा." रागावून नाही म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

पंधरवड्याने चौदाला वर न्यायचं ठरलं. साठेसाहेब हात पुढे करून उभे होते, आज चिडवत नव्हते. मामांनी तिला त्यांच्याकडे दिलं नाही. एक हात छातीखाली, एक मागे, असं नीट धरून जिना चढले. थोड्या वेळाने एकटे उतरले आणि रिकामा पिंजरा धुवायला घेतला. त्यांना कामावरून काढल्याचं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. तरी त्यांनी पिंजरा धुतला, उन्हात उलटा घातला, मग माझ्याकडे आले.

बऱ्याच बाटल्या परत आल्या होत्या. जिथे थोड्या वापरल्या गेल्या होत्या तिथून उत्तरं आली होती. एकाला थंडी वाजली, उतरली, असं एका ठिकाणाहून होतं. बाकी ठिकाणी काही नाही. मामांना मी प्रत्येक उत्तर वाचून दाखवलं होतं.

"आता जिथनं उत्तर नाय आला ती जागा वाच," मामा म्हणाले.

यादीत तशी एकच होती. कल्याणच्या पुढे, खडवलीजवळच्या गावातला एक लहान धर्मादाय दवाखाना. चार बाटल्या.

मी नाव वाचलं. त्यांनी ते स्वतःशी दोनदा म्हटलं. मग म्हणाले, "खालनं हात देत जा सगल्यांना," आणि गेले. माझ्या 'नाही'बद्दल एक शब्द बोलले नाहीत. तेव्हाही नाही, जिन्यावरून उतरतानाही नाही.

मी आणखी दोन वर्षं ते काम केलं. माझ्या हाताखाली ससे शांत बसायला लागले. मग लग्न होऊन डोंबिवलीला आले. मुलं झाली. मुलांना ताप आला की थर्मामीटर मी लावते, पण वाचत नाही. मालकांच्या हातात देते. ते एकदाच आकडा सांगतात आणि माझे कान पुढे काहीतरी ऐकायला थांबून राहतात.

थोरल्या मुलाच्या पाठीवर मुलगी झाली, त्या वर्षी माझी नणंद खडवलीकडे दिली होती. तिच्या सासूला जुलाब लागून दवाखान्यात ठेवलंय, असा निरोप आला, म्हणून मी पेजेचा डबा घेऊन गेले. दवाखाना म्हणजे कौलारू घर, पुढे पडवी आणि आत चार खाटा. नणंद पडवीतच भेटली. मी विचारलं नव्हतं, तीच सांगू लागली, "वहिनी, इथे एक म्हातारा आहे. सलाईन लावलं की त्या माणसाजवळून हलत नाही. डॉक्टर बोलतात, राहू दे. तीन-चार वर्षांपूर्वी ठाण्याकडून आला. जुनी वही दाखवा म्हणून बसून होता, कोणाकोणाला बाटली लावली होती ते बघायचं होतं त्याला. वही वाळवीने खाल्लेली. डॉक्टरही नवीन, जुन्यांचा पत्ता नाही. मग हा गावात घरोघर विचारत फिरला. बाटल्या लावल्या त्या साली पटकीची साथ होती, माणसं तशीही गेली होती. कोण कशाने गेलं, कोण सांगणार? परत गेलाच नाही तो. झाडलोट करतो, बायकोलाही घेऊन आला."

मी दारातून आत बघितलं.

पलीकडच्या खाटेवर एक बाई होती. खिडकीच्या गजाला बाटली टांगलेली. खाटेशेजारी जमिनीवर मामा बसले होते. केस सगळे पांढरे झालेले. त्यांचा पंजा त्या बाईच्या कपाळावर होता आणि नजर बाटलीतून पडणाऱ्या थेंबावर.

"थंडी वाटते का गो?" त्यांनी विचारलं. बाईने मान हलवली, नाही. थोड्या वेळाने परत, "थंडी?" नाही.

मला आत जाऊन फक्त एवढंच म्हणायचं होतं, मामा, मला माहीत होतं. डबा हातात तापला होता. मी एक पाऊल आत टाकलं आणि तिथेच उभी राहिले. बाटलीतलं पाणी अर्ध्याच्या खाली आलं होतं.

मामांनी माझ्याकडे मान वळवली. ओळखलं की नाही, मला सांगता येत नाही. ते सगळ्याच बायकांना बाय म्हणत.

"बाय, दारातनं हट जरा," ते म्हणाले. "उजेड अडतो. हिचा तोंड दिसत नाय मना."

मी बाजूला झाले.